बेसमेंटमध्ये पाणी कुठून आलं? न्यू जर्सीतल्या एका नाकारलेल्या क्लेमचा अभ्यास

१ सप्टेंबर २०२१ च्या संध्याकाळी आयडा चक्रीवादळाचे अवशेष न्यू जर्सीवरून सरकले. नेवार्कमध्ये त्या एका दिवसात आठ इंचांहून जास्त पाऊस पडला आणि न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका तासात तीन इंचांहून जास्त. नदीपासून लांब राहणाऱ्या, ‘आपल्याकडे कुठला आलाय पूर’ असं समजणाऱ्या कितीतरी घरांच्या बेसमेंटमध्ये त्या रात्री पाणी होतं. पुढच्या काही महिन्यांत ओळखीच्या लोकांनी विमा कंपन्यांकडून आलेली नकाराची पत्रं मला वाचायला दिली. मी वकील नाही, पण पॉलिसी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची मला सवय आहे. त्यातलं एक प्रकरण इथे सविस्तर मांडतो, कारण एकाच खोलीतल्या पाण्यावर तिथे तीन वेगवेगळी कलमं चालवली गेली आणि कंपनीचं पहिलं उत्तर अखेरचं ठरलं नाही. कुटुंबाच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

घर, खड्डा आणि पॉलिसी

मिडलसेक्स काउंटीतलं दुमजली घर. फेमाच्या, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या, पूरनकाशात ते जास्त धोक्याच्या पट्ट्यात येत नाही, त्यामुळे कर्ज देणाऱ्या बँकेने पूरविमा सक्तीचा केला नव्हता आणि यांनी तो घेतलाही नव्हता. बेसमेंट राहण्याजोगं करून घेतलेलं: ड्रायवॉलच्या (जिप्समच्या फळ्यांच्या) भिंती, कार्पेट, सोफा, टीव्ही, मुलांची अभ्यासाची टेबलं. एका कोपऱ्यात दार लावून वेगळी केलेली छोटी खोली, तिथे फर्नेस (घर गरम ठेवणारी भट्टी), वॉटर हीटर आणि जमिनीत संप पंपाचा खड्डा. घराच्या पायाच्या कडेने भोकं असलेला पाइप फिरवलेला असतो. मातीत मुरलेलं पाणी त्यातून खड्ड्यात येतं, पातळी वाढली की फ्लोट उचलला जातो, पंप सुरू होतो आणि पाणी बाहेर अंगणात फेकतो. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीत उंचावर एक लहान खिडकी. तिच्याबाहेर जमीन खोदून पत्र्याचं अर्धगोल कुंपण केलेलं, म्हणजे विंडो वेल.

पॉलिसी एचओ-३ प्रकारची, स्वतःच्या घरात राहणाऱ्यांकडे सर्रास असते ती. तिची रचना समजून घेतल्याशिवाय हे प्रकरण कळणार नाही. घराच्या इमारतीला ‘जे वगळलेलं नाही ते सगळं’ असं संरक्षण असतं. घरातल्या सामानाला मात्र यादीत नावानिशी दिलेल्या १६ कारणांपुरतंच. इमारतीच्या बाबतीत त्यामुळे खरी पॉलिसी म्हणजे वगळलेल्या गोष्टींची यादीच. लोक कव्हरेजची पानं वाचतात आणि एक्सक्लूजनची पानं सोडून देतात. माझ्या मते वाचायचं ते नेमकं उलट क्रमाने.

पाण्याचं एक्सक्लूजन साधारण असं असतं. एक: पूर, जमिनीवरून वाहत येणारं पाणी, लाटा, भरती, कुठल्याही जलाशयाचं उफाळून आलेलं पाणी. दोन: सांडपाण्याच्या किंवा निचऱ्याच्या वाहिनीतून उलटं आलेलं पाणी आणि संपमधून बाहेर आलेलं पाणी. तीन: जमिनीखालचं पाणी, म्हणजे पायावर दाब देणारं, भिंतीतून किंवा फरशीतून झिरपणारं. चार: या पाण्याबरोबर आलेला गाळ, कचरा. आणि या सगळ्याच्या डोक्यावर एक वाक्य, ज्याकडे आपण पुढे परत येणार आहोत: यातल्या कुठल्याही कारणाने नुकसान झालं, तर त्याला दुसरं कुठलंही कारण एकाच वेळी किंवा आगेमागे हातभार लावत असलं तरी ते नुकसान वगळलेलंच राहील.

यांच्या पॉलिसीला एक एंडॉर्समेंटही, म्हणजे मूळ पॉलिसीत बदल करणारी पुरवणी, जोडलेलं होतं, १०,००० डॉलर मर्यादेचं वॉटर बॅकअपचं. वर सांगितलेल्या यादीतली दुसरी बाब त्याने परत आत घेतली जाते: वाहिनीतून उलटं आलेलं किंवा संपमधून उतू आलेलं पाणी, पंप यांत्रिक बिघाडाने किंवा वीज गेल्याने बंद पडला असला तरीही. काही वर्षांपूर्वी एजंटने ते घातलं होतं आणि प्रीमियममध्ये त्याची थोडी भर पडत होती. डिक्लरेशन पेजवर, म्हणजे पॉलिसीचा सारांश देणाऱ्या पानावर, त्याचा पुरावा म्हणजे एक फॉर्म क्रमांक आणि त्यापुढे एक आकडा. आपल्याकडे असं काही आहे हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

ती रात्र

घरात घरमालकाची बायको, म्हणजे वहिनी, दोन मुलं आणि सासूबाई. घरमालक स्वतः कामावरून परतताना रस्त्यात अडकलेले. रात्री दिवे एकदोनदा लुकलुकले, पण वीज गेली नाही. पाऊस सुरू झाला की खालून पंपाची घरघर ऐकू यायची. ती बराच वेळ आली नाही, म्हणून वहिनी खाली गेल्या. कोपऱ्यातल्या खोलीचं दार उघडलं तर खड्ड्याचं झाकण एका बाजूने उचललं गेलेलं, पाणी बुडबुडे सोडत वर येत होतं आणि दाराच्या फटीतून कार्पेटखाली शिरत होतं. काय करावं कळेना, म्हणून त्यांनी फोनवर व्हिडिओ काढला आणि नवऱ्याला पाठवला. “अहो, हे बघा, पंप बंद पडलाय. वरून दाबू का काही?” असं त्या विचारताना ऐकू येतं. मग घाबरून फोन गर्रकन खोलीभर फिरवलेला आहे. कार्पेट कोपऱ्याकडून गडद होत चाललंय, खिडकीकडचा भाग अजून कोरडा आहे, खिडकीखालची भिंत स्वच्छ आहे.

या व्हिडिओचं महत्त्व त्या वेळी दोघांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

पहाटेपर्यंत पाणी पोटरीपर्यंत चढलं. सकाळी मित्रांनी मिळून पाणी उपसलं, प्लंबरकडून नवा पंप बसवून घेतला, पाणी उपसणारी आणि वाळवणारी माणसं बोलावली. कार्पेट गुंडाळून रस्त्याच्या कडेला गेलं, सोफा गेला, ड्रायवॉल खालून चार फूट कापून काढली. हे सगळं योग्यच होतं. नुकसान वाढू न देणं ही पॉलिसीने घरमालकावर टाकलेली जबाबदारी आहे, आणि ओली ड्रायवॉल दोन दिवस तशीच ठेवली की बुरशी धरते. पण पाणी कुठून आलं हे सांगणारी प्रत्येक वस्तू त्याच दिवशी कचऱ्यात गेली. जुना पंपही.

एक फोन आणि एक पत्र

कंपनीच्या नंबरवर घरमालकाने फोन केला तेव्हा ते रात्रभर जागलेले होते. ते म्हणाले, “रस्त्यावर गुडघाभर पाणी होतं आणि आमचं बेसमेंट भरलं.” दोन्ही गोष्टी खऱ्या. पण रस्त्यावरचं पाणी बेसमेंटमध्ये आलं असं ते म्हणाले नव्हते. फाइलमध्ये मात्र नोंद झाली ती तशीच: रस्त्यावरचं पाणी घरात शिरलं.

अ‍ॅडजस्टर (नुकसान तपासायला कंपनीने पाठवलेला माणूस) आला तोवर खोली उघडीबोडकी झाली होती. त्या आठवड्यात प्रत्येक अ‍ॅडजस्टरच्या हाती कितीतरी घरं होती, हे मान्य. त्याने बाहेर विंडो वेलमध्ये साचलेल्या गाळाचे फोटो घेतले, काचेवर बाहेरून उमटलेली मातीची रेघ टिपली, आत भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेची उंची मोजली आणि निघाला. कोपऱ्यातल्या खोलीत तो गेला, पण नवा पंप पाहून जुन्याची चौकशी त्याने केली नाही.

पत्र आलं. नुकसान जमिनीवरून वाहत आलेल्या पाण्याने झालं आहे, ते वगळलेलं आहे, आणि इतर कारणांनी त्याला हातभार लावला असल्यास तेही वगळलेलं आहे, असा त्याचा आशय. एक्सक्लूजनचा उतारा अर्धं पान. एंडॉर्समेंटचा उल्लेख कुठेही नाही. ही बाब मला आजही खटकते. ज्या संरक्षणाचे पैसे कंपनी दरवर्षी घेते, ते लागू का नाही हे नकार देताना तिने सांगायलाच हवं.

ते पत्र घेऊन दोघं आले तेव्हा वहिनींचा प्रश्न सरळ होता. “भाऊजी, पाणी ते पाणीच ना? घर तर भिजलंय.”

विम्याच्या हिशोबात ते तसं नसतं, आणि याच जागी बहुतेक लोक फसतात. त्याच खोलीत, त्याच उंचीपर्यंत, त्याच कार्पेटवर पाणी आलं असतं, पण वॉटर हीटरची टाकी अचानक फुटून, तर इमारतीचं नुकसान पूर्ण मर्यादेपर्यंत, डिडक्टिबल (आधी आपल्या खिशातून सोसायची ठरलेली रक्कम) वजा जाता, भरून मिळालं असतं. घरातल्या नळजोडणीतून किंवा उपकरणातून अपघाताने बाहेर पडलेलं पाणी हे एचओ-३ मधलं भक्कम संरक्षण आहे. बिघडलेला भाग गाठण्यासाठी भिंत फोडावी लागली तर त्या फोडण्या-बुजवण्याचाही खर्च त्यात येतो, फक्त ती टाकी किंवा तो पाइप स्वतः नाही. संप आणि त्याचा पंप यांना मात्र ही पॉलिसी नळजोडणीत धरत नाही, तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. तेव्हा नुकसान किती झालं हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, पाणी कोणत्या वाटेने आलं.

डोक्यावरचं वाक्य

पत्रातला सगळ्यात अवघड भाग ते ‘एकाच वेळी किंवा आगेमागे’ वालं वाक्य होतं. समजा, थोडं पाणी संपमधून आलं आणि थोडं खिडकीतून. साध्या न्यायाने निम्मं तरी मिळावं असं वाटेल. या वाक्याचा हेतू तेच टाळणं हा आहे. वगळलेल्या पाण्याचा हात लागला की संरक्षित पाणीही त्याच्याबरोबर बाहेर.

कॅटरिना वादळानंतर, २००५ पासून पुढे, या वाक्यावरून अमेरिकेत प्रचंड खटलेबाजी झाली. छप्पर वाऱ्याने गेलं की समुद्राच्या पाण्याने, यावर मिसिसिपीत घरंच्या घरं अडकली होती. न्यू ऑर्लीन्सचे बांध फुटून आलेलं पाणी हा माणसाच्या हलगर्जीपणाचा परिणाम आहे, पूर नव्हे, असा घरमालकांचा युक्तिवाद होता. २००७ मध्ये फिफ्थ सर्किटच्या (लुइझियाना, मिसिसिपी आणि टेक्सासवरच्या) केंद्रीय अपील न्यायालयाने तो फेटाळला: बांध कशानेही फुटो, आलेलं पाणी पूरच. मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये मात्र या वाक्याला लगाम घातला. संरक्षित कारणाने जे नुकसान आधीच होऊन गेलं, ते नंतर आलेल्या पाण्याने पुसलं जात नाही, असा त्या निकालाचा रोख. कॅलिफोर्नियात विमा कायद्याचं कलम ५३० नुकसानाच्या मुख्य कारणाकडे बघायला लावतं, त्यामुळे असं वाक्य तिथे तितकं चालत नाही. न्यू जर्सीचा कायदा लावणाऱ्या न्यायालयांनी ते लागू केलेलं आहे. म्हणजे इथे ‘निम्मं तरी द्या’ म्हणून भांडण्यात फारसा अर्थ नव्हता. खिडकीतून पाणी आलंच नाही हे दाखवणं, हाच रस्ता होता.

एक गोष्ट मात्र घरमालकाच्या बाजूने असते. नुकसान पॉलिसीच्या कक्षेत आहे हे घरमालकाने दाखवायचं, पण एक्सक्लूजन लागू होतं हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर. एक्सक्लूजनचा अर्थ आखूडच लावायचा आणि शब्द दोन्ही बाजूंनी वाचता येत असतील तर ते लिहिणाऱ्याच्या विरुद्ध वाचायचे, हेही न्यायालयांचं जुनं धोरण आहे. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एका रुग्णालयाच्या प्रकरणात असंच केलं. छतावर साचून आत झिरपलेलं पावसाचं पाणी हे ‘जमिनीवरचं पाणी’ म्हणायचं का, हा प्रश्न होता. शब्द संदिग्ध आहेत म्हणून निर्णय विमाधारकाच्या बाजूने गेला. या कुटुंबाच्या वेळी तो निकाल नव्हता, पण तत्त्व तेच होतं.

कोळिष्टक

आम्ही आधी फोटो गोळा केले, सगळ्यांचे. भिंती कापणाऱ्या ठेकेदाराने आपल्या बिलासाठी कापण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे फोटो काढून ठेवले होते. हे त्याने स्वतःसाठी केलं होतं, पण सगळ्यात मोलाचं तेच निघालं. त्यातल्या एका फोटोत खिडकीची आतली चौकट जवळून दिसते. कट्ट्यावर धुळीचा अखंड थर, कोपऱ्यात कोळ्याचं जाळं, त्यात अडकलेला एक सुकलेला किडा. चौकटीखालच्या रंगावर ओघळ नाही. बाहेर विंडो वेलमधल्या गाळाची रेघ काचेच्या खालच्या कडेला जेमतेम पोचलेली. त्या वाटेने पाणी आलं असतं तर जाळं जागेवर राहिलं नसतं.

दुसरा फोटो कोपऱ्यातल्या खोलीच्या दाराचा. दाराच्या चौकटीला आतून लागलेली गढूळ पट्टी बाहेरच्यापेक्षा वर होती, म्हणजे पाणी आतून बाहेर ढकललं जात होतं.

तिसरा पुरावा व्हिडिओ. मूळ फाइल फोनमध्येच होती, तारीख-वेळेसकट. व्हॉट्सअ‍ॅपवरून पुढे गेलेल्या प्रतीत ही माहिती गळून पडते, म्हणून मूळ फाइलच पाठवायची असं ठरलं. चौथा, नवा पंप बसवणाऱ्या प्लंबरची दोन ओळींची चिठ्ठी: जुन्या पंपाचा फ्लोट खड्ड्याच्या भिंतीला अडकलेला होता आणि मोटर जळालेली होती.

पत्र एक पानाचं लिहिलं. राग त्यात कुठेही नव्हता, आणि तो नव्हता हे बरंच झालं. घटना तारखेनिशी, सोबत जोडलेले पुरावे, आणि मग तीन मागण्या. पाणी खिडकीतून आलं हा निष्कर्ष कोणत्या पुराव्यावरून काढला ते लेखी कळवा. डिक्लरेशन पेजवर असलेल्या बॅकअप एंडॉर्समेंटखाली हा क्लेम तपासा. पॉलिसीची सगळ्या फॉर्मसह प्रमाणित प्रत पाठवा. शेवटची मागणी औपचारिक वाटते, पण घरात असलेली प्रत जुन्या वर्षाची निघणं अगदी नेहमीचं आहे, आणि शब्द वर्षागणिक बदलतात.

दुसरा नकार

कंपनीने अभियंता पाठवला. त्याचा अहवाल प्रामाणिक होता, आणि त्यानेच पुढची अडचण उभी केली. खिडकीतून पाणी आल्याची खूण नाही, पंप निकामी झाला होता, हे त्याने मान्य केलं. पुढे लिहिलं की फरशी आणि भिंत जिथे मिळतात त्या सांध्यातही पांढरट क्षारांच्या खुणा आहेत, म्हणजे जमिनीखालचं पाणी दाबाने तिथूनही आत येत असावं. कंपनीने ते उचलून धरलं. जमिनीखालचं पाणी वगळलेलं आहे, एंडॉर्समेंटनेही ते आत घेतलेलं नाही, सबब नकार कायम.

इथे गृहस्थ हात टेकायला निघाले होते. माझ्या मते याच टप्प्यावर सगळ्यात जास्त लोक सोडून देतात, कारण दुसऱ्या नकाराला अभियंत्याचा शिक्का असतो.

पण विचार करा, संपच्या खड्ड्यात येणारं पाणी असतं कोणतं? जमिनीखालचंच. पायाच्या कडेचा पाइप ते गोळा करून खड्ड्यात आणतो, तो खड्डा आहेच त्याच्यासाठी. ‘जमिनीखालचं पाणी’ म्हणून संपमधून उतू आलेलं पाणी नाकारायचं ठरवलं, तर संपचं एंडॉर्समेंट कधीच, कुठल्याच घरी लागू होणार नाही. पैसे घेऊन काहीच न देणारं संरक्षण ठरेल ते, आणि पॉलिसी अशा अर्थाने वाचायची नसते. सामान्य विमाधारकाची रास्त अपेक्षा काय असेल हे न्यू जर्सीतली न्यायालयं विचारात घेतात. पंप बंद पडला की आपल्याला पैसे मिळतील, एवढंच त्या ओळीचा अर्थ कुणीही लावेल.

राहिला सांधा. तिथल्या क्षारांच्या खुणा जुन्या होत्या, वर्षानुवर्षांच्या ओलीच्या, आणि अभियंत्यानेच ‘येत असावं’ असं लिहिलं होतं. त्या रात्री तिथून पाणी आलं याचा पुरावा नव्हता. व्हिडिओत कार्पेट कोपऱ्याकडून भिजत येताना दिसतं, भिंतीच्या कडांनी नाही. ‘असावं’वर एक्सक्लूजनचा भार पेलत नाही, एवढं दुसऱ्या पत्रात नम्रपणे लिहिलं. त्याचबरोबर, उत्तर न मिळाल्यास राज्याच्या बँकिंग आणि विमा खात्याकडे तक्रार करणार आहोत, असंही. तक्रार करावी लागली नाही. कंपनीने एंडॉर्समेंटखाली क्लेम मंजूर केला.

हिशोब

पाणी काढणं, वाळवणं, भिंती, कार्पेट, सामान मिळून नुकसान साधारण ३१,००० डॉलरचं. मर्यादा १०,०००. पहिला चेक ९,००० चा आला, कारण कंपनीने १,००० ची डिडक्टिबल मर्यादेतून वजा केली. या पॉलिसीच्या एंडॉर्समेंटमध्ये मात्र डिडक्टिबल एकूण नुकसानातून वजा करायची असं लिहिलं होतं. ३१,००० मधून १,००० गेले तरी ३०,००० उरतात, मर्यादेच्या कितीतरी वर. म्हणजे पूर्ण १०,००० देय होते. वाक्यावर खूण करून पाठवल्यावर उरलेले हजारही आले. प्रत्येक कंपनीचे शब्द असेच असतील असं नाही, पण चेक आला की हा हिशोब ताडून पाहावा. नवा पंप अर्थात स्वतःच्या खिशातून. बिघडलेल्या पंपाचे पैसे एंडॉर्समेंटही देत नाही.

भिंत कापताना एक तिसरं पाणीही सापडलं होतं. वरच्या बाथरूमच्या तांब्याच्या पाइपचा एक सांधा हिरवा पडलेला, त्याखालचा लाकडी जॉइस्ट (मजल्याची तुळई) काळा आणि बोट घातलं तर भुसभुशीत. त्याचा आयडाशी काही संबंध नव्हता, ती गळती कधीपासूनची होती. यांच्या पॉलिसीत १४ दिवस किंवा त्याहून जास्त काळ चाललेली झिरपण वगळलेली होती. काही पॉलिसींत ‘आठवडे, महिने किंवा वर्षं’ असं असतं. फ्लोरिडात २०१८ मध्ये फ्रिजच्या पाण्याच्या नळीतून कित्येक आठवडे चाललेल्या गळतीवर एक निकाल लागला होता. अशा १४ दिवसांच्या वाक्याने पहिल्या १३ दिवसांतलं नुकसान वगळलं जात नाही, असं तिथल्या अपील न्यायालयाने म्हटलं. तो निकाल न्यू जर्सीला बांधील नाही, आणि इथे कुजलेल्या लाकडातलं पहिल्या १३ दिवसांचं नुकसान वेगळं काढून दाखवणं अशक्य होतं. हा भाग त्यांनी मागितलाच नाही. मला तो निर्णय बरोबर वाटला. कमकुवत मागणी मजबूत मागणीच्या शेजारी बसवली की दोन्हींकडे संशयाने बघितलं जातं.

पूरविमा असता तर?

हा प्रश्न प्रत्येकाने विचारला. सरकारी पूरविमा, १९६८ च्या कायद्याने सुरू झालेला, एका कुटुंबाच्या घराला इमारतीसाठी २,५०,००० आणि सामानासाठी १,००,००० डॉलरपर्यंत मिळतो, आणि नव्या पॉलिसीला साधारण ३० दिवसांची प्रतीक्षा असते, त्यामुळे वादळाची बातमी ऐकून घेतलेला उपयोगी पडत नाही. त्यात पुराची व्याख्या ठरलेली आहे: एरवी कोरडी असलेली दोन एकर किंवा जास्त जमीन, किंवा दोन किंवा जास्त मालमत्ता पाण्याखाली जाणं. संपमधून आलेलं पाणी तिथेही चालतं, पण परिसरात असा पूर असेल आणि त्याच्यामुळेच संप उतू गेला असेल तरच.

आणि चाललं असतं तरी मिळालं काय असतं? बेसमेंटच्या बाबतीत पूरविमा फार हात आखडता घेतो. फर्नेस, वॉटर हीटर, विजेचा पॅनल, संप पंप, रंग न दिलेली ड्रायवॉल, साफसफाई, आणि सामानाचा विमा असेल तर वॉशर, ड्रायर, फ्रीजर. कार्पेट, सोफा, टीव्ही, मुलांची टेबलं यातलं काही नाही. म्हणजे ज्या खोलीसाठी हे सगळं रामायण झालं, ती खोली पूरविम्यातूनही उभी राहिली नसती. बेसमेंट सजवायला घेण्याआधी ही यादी वाचावी असं मी आता प्रत्येकाला सांगतो, अगदी कुणी विचारलं नाही तरी.

फेमाची आपत्तीग्रस्तांसाठीची मदत काउंटीला मिळाली होती. तिच्या अर्जाला विमा कंपनीचं नकाराचं पत्र लागतं. ते पहिलं पत्र तिथे कामी आलं, पुढे मिळालेल्या विम्याची माहितीही त्यांनी वेळेवर कळवली, कारण एकाच खर्चाचे पैसे दोनदा घेता येत नाहीत. फर्नेस आणि वॉटर हीटरपुरती थोडी रक्कम मिळाली. करमणुकीची खोली ही त्या मदतीच्या दृष्टीने गरज नव्हे.

उरलेल्या रकमेसाठी खटला करायचा का, हे विचारायला ते वकिलाकडे गेले. पॉलिसीत खटल्याची मुदत दिलेली असते. न्यू जर्सीत नुकसान कळवल्यापासून कंपनी लेखी नकार देईपर्यंतचा काळ त्यातून वगळला जातो, म्हणून नकाराच्या पत्राची तारीख आणि पाकीट दोन्ही जपून ठेवावीत. मुदत शिल्लक होती. पण एंडॉर्समेंटची मर्यादा कंपनीने पूर्ण दिलेली, आणि त्यापलीकडचं सगळं एक्सक्लूजनमध्ये, त्यामुळे भांडायला जागाच नव्हती. वकिलाने फी न घेता तसं सांगितलं. पुढच्या नूतनीकरणाला त्यांनी बॅकअपची मर्यादा १०,००० वरून २५,००० केली आणि खड्ड्यात बॅटरीवर चालणारा दुसरा पंप बसवला. बेसमेंटच्या जमिनीला आता फरशा आहेत, सोफा आणि टीव्ही वरच्या मजल्यावर गेले, आणि खाली मुलांची टेबलं तेवढी परत आली.